य = क्ष² ला अभिलंब काढताना सरळ रेषा का येत नाही?

तुम्ही विचारलंय की य = क्ष² या वक्राला (१, १) बिंदूपाशी अभिलंब (म्हणजे तिथल्या स्पर्शिकेला काटकोनात असलेली रेषा) काढला तर य − १ = −(क्ष − १)/(२क्ष) असं आलं. ही सरळ रेषा दिसत नाही, आणि ते उणे चिन्ह तरी कुठून आलं?

डेरिव्हेटिव्ह तुमचं बरोबर आहे, २क्ष. पण त्यात बिंदू घातल्यावरच एका रेषेचा चढ मिळतो. तेव्हा क्ष = १ आधी घाला, मग समीकरणाला हात लावा. स्पर्शिकेचा चढ २, अभिलंबाचा −१/२, समीकरण क्ष + २य = ३. मी शिकवतो, आणि बारावीच्या वह्यांमध्ये नेमकी हीच पायरी राहिलेली मला दरवर्षी दिसते.

आता उणे. हे पाठ करू नका, आलेख कागद घ्या. चढ २ म्हणजे एक घर उजवीकडे, दोन घरं वर. तेवढी रेघ ओढा आणि कागद काटकोनात डावीकडे फिरवा. उजवीकडचं एक घर आता वर गेलं आणि वरची दोन घरं डावीकडे गेली. म्हणजे दोन घरं डावीकडे, एक वर: चढ १/(−२). आकडे उलटे झाले ते कागद फिरवल्यामुळे, आणि उणे आलं ते ‘वर’चं ‘डावीकडे’ झाल्यामुळे. एकदा हाताने करून बघाच, पुन्हा विसरणार नाही.

याच वक्राला (०, ०) पाशी चढ शून्य आहे, तिथे १ भागिले शून्य करता येत नाही. म्हणून बिंदू (अ, ब) आणि तिथला चढ म असेल तर मी समीकरण असं लिहायला सांगतो:

(क्ष − अ) + म(य − ब) = ०

म शून्य असला की आपोआप क्ष = अ ही उभी रेषा मिळते. भागाकारच नको.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. फ्रेंच गणितज्ञ देकार्तने १६३७ साली अभिलंब काढायची रीत छापली, तेव्हा आजचं कलनशास्त्र नव्हतं. त्याने वर्तुळ वापरलं: केंद्र अक्षावर घ्यायचं आणि वर्तुळ वक्राला छेदून न जाता दिलेल्या बिंदूपाशी नुसतं टेकलं पाहिजे. मग त्रिज्या हाच अभिलंब. आपल्या वक्राला लावून पाहू. केंद्र (०, क) असेल तर क्ष² + (य − क)² = त्रिज्येचा वर्ग. क्ष² च्या जागी य घातला की य² + (१ − २क)य + स्थिर पद = ०. वर्तुळ टेकायचं म्हणजे दोन्ही मुळं सारखी, आणि बिंदू (१, १) असल्याने दोन्ही १. मुळांची बेरीज २क − १ = २, म्हणून क = ३/२. आता वर काढलेल्या क्ष + २य = ३ मध्ये क्ष = ० घाला आणि य किती येतो ते बघा.