गुन्हेगारी माहितीपटासाठी तज्ज्ञ म्हणून मुलाखतीला बोलावलंय. जावं का? गेलं तर काय सांभाळावं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात न्यायवैद्यकशास्त्र शिकवता. एका निर्मितीसंस्थेतून फोन आला, त्यांना एका जुन्या खुनाच्या खटल्यावर तासाभराचा भाग करायचा आहे आणि 'सोप्या भाषेत सांगणारे डॉक्टर' हवे आहेत. चित्रीकरण तीन आठवड्यांनी आहे.

जा, असंच मी सांगेन. मी याच विषयात एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. अशा तीन मुलाखती दिल्या, त्यातल्या पहिलीत माझ्या हातून जी चूक झाली ती सांगण्यासाठीच एवढं लांब लिहितेय.

फोन बहुधा एखाद्या पंचविशीतल्या संशोधक मुलीचा किंवा मुलाचा असतो. बोलणं आदबशीर असतं, अभ्यासही बऱ्यापैकी असतो. 'मॅडम, पाचच मिनिटं बोलायचंय' म्हणून सुरुवात होते आणि पाऊण तास जातो. हा पाऊण तास म्हणजे तुमची निवड चाचणी असते. तुम्ही अडखळता का, वाक्य पूर्ण करता का, हे ती व्यक्ती टिपत असते. त्यात गैर काही नाही, तिचं कामच ते आहे. फक्त त्या पहिल्या फोनवर मत देऊ नका. मी दिलं होतं. कागद न बघता, तिने सांगितलेल्या चार गोष्टींवरून 'हो, तसं असू शकतं' म्हणाले. त्या शब्दांवर पटकथा लिहिली गेली आणि चित्रीकरणाच्या दिवशी मला तीच वाक्यं परत हवी म्हणून आग्रह सुरू झाला.

ते प्रकरण विदर्भातल्या एका गावातलं होतं. बरीच वर्षं झालेली, निकाल अंतिम झालेला. गाव आणि नाव सांगत नाही. मे महिना, घरात गळा आवळून मारलेली तरुण मुलगी, सकाळी नऊला घरच्यांच्या लक्षात आलं, दुपारी दोनला पीएम, म्हणजे शवविच्छेदन. पीएम मी केलेलं नव्हतं. खटल्याच्या कागदांतली नोंद तेवढी माझ्यापुढे होती: ताठरता सर्वांगात पूर्ण, शवाचे डाग (मृत्यूनंतर रक्त खाली साचून पडतात ते) पाठीवर पक्के झालेले.

तुम्हाला सांगायला नको, पण बाकीच्या वाचकांसाठी सांगते. मृत्यूनंतर शरीर ताठ होतं आणि काही तासांनी परत सैल पडतं. विद्यार्थ्यांना आपण बारा-बारा-बाराचा नियम शिकवतो: यायला बारा तास, टिकते बारा तास, जाते बारा तासांत. विदर्भातल्या मे महिन्यात हा नियम कोलमडतो. उष्णतेने ताठरता लवकर येते आणि लवकर जाते. शिवाय मरण्याआधी झटापट झाली असेल तर आणखी लवकर येते. म्हणजे दुपारी दोनला पूर्ण ताठ असलेल्या देहावरून एवढंच म्हणता येतं की मृत्यू मध्यरात्र ते पहाट या वेळात केव्हातरी झाला असावा. त्याहून बारीक वेळ सांगणारा डॉक्टर अंदाजाने बोलतोय.

चित्रीकरण भाड्याच्या बंगल्यात होतं. खिडक्यांना काळे पडदे, मागे एक दिवा, पंखा बंद, कारण त्याचा आवाज माईकमध्ये येतो. छोटा माईक पदराच्या आतून लावला. दिग्दर्शक समोर बसले आणि म्हणाले, 'मॅडम, माझा आवाज ठेवणार नाहीये. त्यामुळे प्रश्न उत्तरातच घ्या. मी विचारलं मृत्यू कधी झाला, तर तुम्ही "मध्यरात्री" असं नुसतं म्हणू नका, "मृत्यू मध्यरात्री झाला" असं पूर्ण वाक्य बोला.'

ही सूचना तुम्हालाही मिळेल, सगळ्यांनाच देतात. ती रास्तही आहे, पण धोका तिथेच आहे. प्रश्न त्यांचा, त्यातलं गृहीतक त्यांचं, आणि ते पूर्ण वाक्यात आपल्या तोंडून बाहेर पडतं.

मी म्हणाले होते, 'मृत्यू पहाटे झाला असंही म्हणता येईल, मध्यरात्री झाला असंही म्हणता येईल.' पहिल्या 'झाला'नंतर मी श्वास घेतला. प्रक्षेपणात माझा चेहरा, खाली माझं नाव, पदवी, आणि एकच वाक्य: 'मृत्यू पहाटे झाला.' पुढे वाद्यांचा घणघणाट.

चार दिवसांनी फोन आला. त्या मुलीचा भाऊ. माझा नंबर त्याने महाविद्यालयातून मिळवला होता. तो रात्रपाळी करायचा. 'डॉक्टर, मी त्या दिवशी साडेतीनला घरी आलो. आतलं दार लोटलेलं होतं. ती झोपली असेल म्हणून मी बाहेरच्या खोलीत आडवा झालो. तुम्ही टीव्हीवर म्हणालात पहाटे. म्हणजे मी आलो तेव्हा ती जिवंत होती का?'

मी खुर्चीत बसले. त्याला म्हटलं, दादा, ते कोणीच सांगू शकत नाही. मी सांगू शकत नाही, पीएम केलेले डॉक्टरही सांगू शकणार नाहीत. मी काय बोलले होते आणि काय दाखवलं गेलं ते शब्दशः सांगितलं. ताठरता म्हणजे काय, उन्हाळ्यात काय होतं, तेही. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, 'आईला हे तुम्ही सांगाल का?' आईलाही सांगितलं. त्यांचा विश्वास बसला की नाही, मला माहीत नाही. टीव्हीवर आलेलं वाक्य पुसून टाकायला फोनवरचा अर्धा तास पुरत नाही.

संस्थेला पत्र लिहिलं. उत्तर आलं, दिलगिरीचं. पुनर्प्रक्षेपणात वाक्य तसंच होतं.

न्यायालयात आपण हेच काम वर्षानुवर्षं करतो आणि तिथे असं होत नाही, कारण तिथे समोर बचाव पक्षाचा वकील असतो. 'डॉक्टर, तुम्ही खात्रीने सांगू शकता का?' असं तो दहा वेळा विचारतो. त्याचा राग येतो, पण तोच आपल्याला आपल्या शास्त्राच्या मर्यादेत ठेवतो. कॅमेऱ्यासमोर उलटतपासणी घेणारं कोणी नसतं. सगळे माना डोलावतात, 'मस्त मॅडम' म्हणतात. म्हणून ती उलटतपासणी आपली आपण घ्यायची. प्रत्येक वाक्य बोलण्याआधी मनात विचारायचं: हे मी शपथेवर बोलले असते का?

दुसऱ्या मुलाखतीपासून मी बोलण्याची पद्धत बदलली. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, याचा फायदा घ्या. 'मृत्यू मध्यरात्र ते पहाट या वेळात झाला असावा' या वाक्यातला 'असावा' कापला तरी वेळेची मर्यादा पोटात राहतेच. 'पण', 'अर्थात', 'नक्की सांगता येत नाही' ही शेपटं वाक्याच्या मागे जोडलीत तर ती हमखास जाणार. अट वाक्याच्या आधी किंवा पोटात घाला आणि वाक्य संपेपर्यंत थांबू नका. मनासारखं वाक्य आलं नाही तर तिथल्या तिथे सांगा, 'हे वापरू नका, मी परत बोलते.' कोणी नाही म्हणत नाही.

आपल्या विषयाबाहेरचा प्रश्न आला तर सरळ नकार द्या. मला प्रत्येक वेळी खुन्याच्या मनाबद्दल विचारलं गेलं. ते आपलं शास्त्र नाही. रामन राघव या मालिका-खुन्याचं उदाहरण घ्या. १९६८ मध्ये मुंबईत त्याला पकडलं, सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, आणि १९८७ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली, ती मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला तपासून आजार असाध्य असल्याचं सांगितलं म्हणून. एका माणसाच्या फाशीचा निर्णय ज्या मतावर फिरतो, ते मत शव तपासणाऱ्या डॉक्टरने खुर्चीत बसून सहज देऊ नये. मी त्यांना मानसोपचार विभागातल्या सहकाऱ्याचा नंबर दिला.

आता कायद्याचं, थोडक्यात. तुम्ही नोकरीत आहात, तेव्हा अधिष्ठात्यांची लेखी परवानगी आधी घ्या. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ तुम्हाला लागू आहेत, तोंडी 'हो' पुरत नाही. मग खटला कुठल्या टप्प्यावर आहे ते विचारा. तपास किंवा अपील चालू असेल तर त्या प्रकरणावर बोलूच नका, सर्वसाधारण शास्त्र सांगायलाही दहा वेळा विचार करा. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये माध्यमांच्या समांतर खटल्यांवर जो निकाल दिला, त्यात तपास चालू असताना गुन्ह्याची नाट्यमय पुनर्रचना दाखवणं टाळा असं सांगितलंय. निकाल अंतिम असेल तर न्यायालयाच्या नोंदींवर बोलायला हरकत नाही. तमिळनाडूतल्या ऑटो शंकर या खुन्याच्या आत्मचरित्राच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच ते स्पष्ट केलं. लैंगिक अत्याचाराचा भाग असेल तर पीडितेची ओळख उघड होईल असं काहीही बोलायचं नाही. ती हयात नसली तरी नाही, आणि नातेवाइकांनी परवानगी दिली तरी तेवढ्यावर नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे सांगितलेलं आहे.

संमतीपत्र चित्रीकरण संपल्यावर, तुम्ही दमलेले असताना, गाडी उभी असताना पुढे करतात. त्यात 'सर्व माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी, हवे तसे संपादन करून' अशा अर्थाचं वाक्य असतं. ते आठवडाभर आधी मागवून घ्या. संपादनाचा हक्क ते सोडणार नाहीत, पण माझ्या तिसऱ्या मुलाखतीच्या वेळी मी एक ओळ हाताने लिहून घेतली: शास्त्रीय विधानं अंतिम करण्याआधी मला दाखवली जातील. निर्मात्याने सही केली. म्हणजे मागितलं तर मिळतं. मानधन देतील ते घ्या, त्यावर फार वेळ घालवू नका.

कवटी हातात धरून चालत या, हातमोजे घाला, शवागारात चित्रीकरण करू द्या, असली मागणी झाली तर नको म्हणा. शवागारात त्या दिवशीही कोणाचं तरी माणूस असतं.

एवढं सगळं असताना जा का म्हणते? कारण माझ्या दुसऱ्या मुलाखतीत मी मानेच्या तपासणीवर बोलले होते. गळा दाबलेल्या तरुण व्यक्तीचं हायॉइड हाड (जिभेच्या मुळाशी, गळ्यात असतं ते) बरेचदा मोडलेलं नसतं, कारण त्या वयात ते लवचीक असतं, आणि 'हाड शाबूत, म्हणजे गळा दाबलेला नाही' हा निष्कर्ष चुकीचा आहे, असं सांगितलं. कवटी आणि छाती आधी उघडून मानेतलं रक्त उतरू द्यावं आणि मान सगळ्यात शेवटी, थर थर सोडवत तपासावी, हेही. दोन महिन्यांनी ग्रामीण रुग्णालयातल्या एका वैद्यकीय अधिकाऱ्यांचं पत्र आलं. आपल्याकडे बहुतेक पीएम असे एमबीबीएस डॉक्टरच करतात, बाह्यरुग्ण विभाग सांभाळून, मदतीला एक कर्मचारी. त्यांनी लिहिलं होतं की कार्यक्रम पाहिल्यानंतरच्या एका प्रकरणात त्यांनी मान शेवटी उघडली आणि स्नायूंत खोलवर रक्तस्राव सापडला. कागदोपत्री ती आत्महत्या ठरत आली होती. माझ्या वर्गात दरवर्षी शंभर-दीडशे मुलं बसायची, त्यातली किती मागच्या बाकावर झोपायची. इथे एका रात्रीत तो डॉक्टर, एखादा ठाणे अंमलदार, एखादा तरुण वकील ऐकत असतो. आपण गेलो नाही तर त्या खुर्चीवर कोणीतरी बसणारच आहे.

आणि घरचे ऐकत असतात. प्रकरण कितीही जुनं असू दे. पुण्यात जोशी-अभ्यंकर या खून-मालिकेच्या खटल्यातल्या चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली, त्यालाही चाळीस वर्षं उलटली. तरी त्या काळी संध्याकाळीच दारं लावून घेणारी माणसं आजही त्या दिवसांबद्दल आवाज खाली आणून बोलतात. मग ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांचं काय होत असेल. म्हणून संशोधकाचा परत फोन आला की विचारा: घरच्यांना कळवलंय का? त्यांनी नाही म्हटलं तर 'आधी कळवा, मग तारीख ठरवू' असं सांगा.

हाताशी तीन आठवडे आहेत. सत्र न्यायालयाचं आणि उच्च न्यायालयाचं निकालपत्र पूर्ण वाचा, संशोधकाने पाठवलेला सारांश नव्हे. पीएमची नोंद मागवा. आणि ज्या डॉक्टरांनी ते पीएम केलं होतं ते हयात असतील तर त्यांना आधी फोन करा. देह त्यांनी पाहिलाय. मी तो फोन आधी केला नव्हता. नंतर, त्या भावाशी बोलून झाल्यावर केला, तेव्हा ते म्हणाले, 'आधी विचारलं असतंत तर सांगितलं असतं, खोलीत कूलर चालू होता. तो मी नोंदीत लिहायला हवा होता.'