इंग्रजीतील रोजच्या शब्दांना फ्रेंचमध्ये नेमका प्रतिशब्द कसा शोधावा?

आपण विचारले आहे की, इंग्रजीतील नेहमीच्या वापरातील सुमारे दोनशे शब्दांची आणि वाक्प्रयोगांची यादी आपल्याजवळ तयार आहे, प्रत्येकासमोर फ्रेंच प्रतिशब्द लिहायचा आहे, तर त्यासाठी चांगला शब्दकोश किंवा यांत्रिक भाषांतर पुरेसे होईल का. शब्दकोश उत्तम आहेत आणि यंत्रेही आता बऱ्यापैकी भाषांतर करतात; अडचण आहे ती यादीत. ज्या शब्दाशेजारी वाक्य नाही त्याचे फ्रेंच भाषांतर बहुतेक वेळा करताच येत नाही, आणि हे मी ठेच लागल्यावर शिकलो आहे.

काही वर्षांपूर्वी एका संगणक-प्रणालीच्या पडद्यावर दिसणाऱ्या शब्दांची अशीच यादी माझ्याकडे भाषांतरासाठी आली होती. एका रकान्यात इंग्रजी शब्द आणि दुसरा रकाना रिकामा. त्यात ‘ओपन’ हा शब्द होता आणि त्याच्या वरच्याच ओळीत ‘क्लोज्ड’ होता, म्हणून हे काहीतरी उघडे किंवा बंद असल्याचे सांगणारे शब्द असावेत असे गृहीत धरून मी ‘उवेर’ असे लिहिले आणि पुढे गेलो. प्रत्यक्षात तो शब्द फाइल उघडण्याच्या बटणावरचा निघाला. फ्रेंचमध्ये बटणावर क्रियापदाचे मूळ रूप लिहितात, म्हणजे ‘उव्रीर’, उघडणे. मी लिहिलेल्या शब्दाचा अर्थ ‘उघडलेला’ असा होतो, त्यामुळे वापरणाऱ्याला फाइल आधीच उघडलेली आहे असे वाटत असे. अर्थ ‘उघडलेला’ असाच असता तरीही काम संपले नसते, कारण काय उघडलेले आहे हे कळल्याशिवाय लिंग ठरत नाही: खाते असेल तर ‘उवेर’, खिडकी असेल तर ‘उवेर्त’. मराठीत आपण उघडा, उघडी, उघडे असे करतोच, तरी इंग्रजी शब्द समोर असला की ही गोष्ट मनातून निसटते. त्याच यादीतील ‘होम’ या शब्दासमोर मी सुदैवाने घर या अर्थाचा ‘मेझों’ लिहिला नाही. संकेतस्थळाच्या पहिल्या पानाला फ्रेंचमध्ये ‘अकय’ म्हणतात, ज्याचा मूळ अर्थ स्वागत.

(फ्रेंच उच्चार मी येथे देवनागरीत लिहीत आहे. त्यातील काही स्वर आणि घशातून येणारा ‘र’ आपल्या लिपीत नीट बसत नाहीत, म्हणून हे उच्चार अंदाजापुरतेच घ्यावेत.)

इंग्रजीतील शब्द जितका छोटा आणि रोजचा, तितका तो फ्रेंचमध्ये फुटतो. ‘फ्री’ म्हणजे फुकट असेल तर ‘ग्रात्युई’ आणि मोकळा असेल तर ‘लीब्र’. ‘टाइम’ या एका शब्दासाठी निदान तीन शब्द हाताशी लागतात: वेळ आहे किंवा नाही हे सांगताना ‘ताँ’, किती वाजले हे विचारताना ‘अर’, आणि तीन वेळा, चार वेळा असे मोजताना ‘फ्वा’. ‘नो’, म्हणजे माहीत असणे, याचे दोन तुकडे होतात. एखादी गोष्ट किंवा एखादे काम करणे ठाऊक असेल तर ‘साव्वार’. माणूस, गाव किंवा पुस्तक परिचयाचे असेल तर ‘कॉनेत्र’. मराठीत ‘मला पोहता येते’ आणि ‘मी त्यांना ओळखतो’ या दोन वाक्यांची आपण कधीच गल्लत करत नाही, तेव्हा हा भेद आपल्याला जड जाण्याचे कारण नाही. ‘राइट’ मात्र जपून हाताळावा. उजवीकडे म्हणजे ‘आ द्र्वात’, हक्क म्हणजे ‘द्र्वा’, तुमचे बरोबर आहे असे सांगताना ‘वूझावे रेझों’, शब्दशः ‘तुमच्याजवळ कारण आहे’. आणि रस्ता विचारल्यावर कोणी ‘तू द्र्वा’ असे सांगितले तर उजवीकडे वळायचे नसते, सरळ जायचे असते. शेवटच्या एका ‘त’ने रस्ता बदलतो.

दुसरा सापळा दिसायला सारख्या शब्दांचा. फ्रेंचमध्ये यांना ‘फोझामी’, म्हणजे खोटे मित्र, असे म्हणतात. मॅक्सिम कोसलेर आणि झ्यूल देरोकिन्यी यांच्या १९२८ सालच्या पुस्तकाच्या नावातून ही संज्ञा रूढ झाली. इंग्रजी ‘ॲक्चुअली’ पाहून ‘आक्त्युएलमाँ’ लिहिण्याचा मोह होतो, पण त्याचा अर्थ ‘सध्या’. ‘खरे तर’ यासाठी ‘आँ फेत’ वापरावे. ‘इव्हेंच्युअली’ म्हणजे अखेरीस, तर ‘एवाँत्युएलमाँ’ म्हणजे जमल्यास, कदाचित. यातला गोंधळ धोक्याचा आहे, कारण वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध राहते आणि वाचणाऱ्याला शंकाही येत नाही: आपण ‘अखेरीस पैसे देऊ’ असे लिहिले असे समजतो आणि समोरचा ‘जमल्यास देऊ’ असे वाचतो. ‘लिब्रेरी’ हे पुस्तकांचे दुकान आहे, ग्रंथालयाला ‘बिब्लिओतेक’ म्हणतात. ‘प्रेझेर्वातीफ’ म्हणजे कंडोम. अन्न टिकवणाऱ्या पदार्थाबद्दल विचारायचे असेल तर ‘कोंसेर्वातर’ म्हणावे. आपल्याला उत्साह वाटतो आहे हे सांगण्यासाठी इंग्रजीसारखाच दिसणारा ‘एक्सिते’ वापरू नये, त्याला कामुकतेची छटा येऊ शकते; ‘झे आत’, म्हणजे मला घाई झाली आहे, मी वाट पाहतो आहे, असे म्हणणे सुरक्षित.

आता एक असा सल्ला देतो जो इंग्रजीतून फ्रेंच शिकवणाऱ्या पुस्तकांत मिळणार नाही. इंग्रजी वाक्य प्रथम मनातल्या मनात चांगल्या मराठीत म्हणून पाहावे आणि मगच फ्रेंचकडे वळावे. इंग्रजीत निर्णय ‘करतात’. मराठीत आपण तो घेतो, आणि फ्रेंचमध्येही ‘प्राँद्र’, म्हणजे घेणे, हेच क्रियापद लागते. इंग्रजीत माणूस ‘भुकेला असतो’. फ्रेंचमध्ये त्याच्याजवळ भूक असते, ‘झे फँ’, आणि वयही त्याच्याजवळ असते, ‘झे वँ ताँ’, माझ्याजवळ वीस वर्षे आहेत. मराठीत भूक लागते आणि वय असते, तेव्हा ‘असणे’ आणि ‘जवळ असणे’ यांचा हिशेब आपल्याला इंग्रजी भाषकापेक्षा लवकर उमगतो. सर्वांत बोलके उदाहरण ‘आय मिस यू’ याचे. फ्रेंचमध्ये ‘त्यु म माँक’ असे म्हणतात, आणि इंग्रजी भाषक येथे हमखास कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल करतात, कारण फ्रेंच वाक्यात जिची उणीव भासते ती व्यक्ती कर्ता असते. पण ‘मला तू आवडतोस’ असे म्हणणाऱ्याला ‘तू मला उणा आहेस’ ही रचना परकी कशी वाटेल? नकारार्थी प्रश्नाला होकारार्थी उत्तर देण्यासाठी फ्रेंचमध्ये ‘वी’ न वापरता ‘सी’ हा वेगळा शब्द आहे. ‘तू येणार नाहीस?’ यावर आपण ‘येणार की!’ म्हणतो, त्यातल्या ‘की’ला जो ठसका आहे तोच या ‘सी’ला आहे.

‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचेही तसेच. इंग्रजीतील एकाच शब्दासाठी ‘त्यु’ आणि ‘वू’ यांतून निवड करावी लागते, आणि एकदा केलेली निवड मजकुराच्या अखेरपर्यंत पाळावी लागते. अनोळखी व्यक्तीसाठी ‘वू’ हाच पर्याय ठेवावा. यंत्राने केलेल्या भाषांतरात मला सर्वाधिक दिसणारी चूक हीच आहे: पहिल्या परिच्छेदात वाचक ‘तुम्ही’ असतो, तिसऱ्यात तो ‘तू’ होतो. शुभेच्छांमध्येही इंग्रजीचे बोट सोडावे लागते. फ्रान्समध्ये सकाळी आणि दुपारी भेटल्यावर ‘बोंझूर’च म्हणतात, ‘बॉन न्वी’ हे फक्त झोपायला जाताना, त्यामुळे संध्याकाळी निरोप घेताना ‘बॉन स्वारे’ म्हणावे. ‘झ तेम’ म्हणजे माझे तुझ्यावर प्रेम आहे. त्याला चांगला या अर्थाचा ‘ब्यँ’ जोडला की प्रेम वाढण्याऐवजी कमी होते, आणि ‘झ तेम ब्यँ’ म्हणजे तू मला चांगला वाटतोस, इतकेच उरते. हे कळायला मला बराच काळ लागला.

वाक्प्रचारांसाठी शब्दांकडे पाहूच नये. जोराचा पाऊस आला की इंग्रजीत कुत्री-मांजरे पडतात, फ्रेंचमध्ये दोरखंड पडतात, ‘इल प्ल दे कॉर्द’, आणि मराठीत मुसळे. डुकरे उडतील तेव्हा, म्हणजे कधीच नाही, या इंग्रजी प्रयोगाला फ्रेंचमध्ये ‘काँ ले पूल ओरों दे दाँ’, म्हणजे कोंबड्यांना दात येतील तेव्हा, असा जोड आहे. अवाच्या सवा किमतीसाठी इंग्रज हातपाय देतो, फ्रेंच माणूस डोक्यातले डोळे देतो. एका दगडात दोन पक्षी मारणे मात्र जवळपास तसेच चालते, फक्त फ्रेंच दगड पक्ष्यांचे नाव न घेता ‘दोन घाव’ करतो. न सांगता सटकण्याला इंग्रजीत ‘फ्रेंच रजा’ म्हणतात, तर फ्रेंचमध्ये ‘फिले आ लाँग्लेझ’, इंग्रजी पद्धतीने पसार होणे. दोन्ही शेजाऱ्यांनी एकमेकांवर ढकललेली ही खोड शब्दशः भाषांतरित केली तर अर्थ उलटा लागेल.

आपण कोणत्या वाचकासाठी लिहीत आहात हे प्रश्नात आलेले नाही, आणि त्यावर पुष्कळ अवलंबून आहे. फ्रान्समध्ये ‘वीकेंड’ हा इंग्रजी शब्द सर्रास चालतो. क्वेबेक या कॅनडातील फ्रेंचभाषक प्रांतात ‘फँ द स्मेन’ म्हणतात. ‘बों मातँ’, म्हणजे सुप्रभात, क्वेबेकमध्ये ऐकू येते, पण फ्रान्समध्ये ते परके वाटते. ई-मेलसाठीचा ‘कुरिएल’ हा शब्द क्वेबेकमधून आला आणि २००३ साली फ्रान्सच्या राजपत्रात त्याला अधिकृत मान्यता मिळाली, तरी रोजच्या बोलण्यात तेथे ‘मेल’च चालतो. फ्रान्समध्ये दुपारच्या जेवणाला ‘देझने’ म्हणतात, तर बेल्जियम, स्वित्झर्लंड आणि क्वेबेक येथे तोच शब्द न्याहारीसाठी असतो. जेवणाच्या निमंत्रणाचे भाषांतर करताना हा फरक लक्षात न घेतल्यास पाहुणे भलत्याच वेळी येतील. संगणकाला मात्र सगळीकडे ‘ऑर्दिनातर’ म्हणतात. १९५५ साली आयबीएम या संगणक कंपनीच्या फ्रान्समधील शाखेच्या विचारणेवरून झाक पेरे या लॅटिनच्या प्राध्यापकांनी तो सुचवला होता.

म्हणून माझी सूचना अशी की, आपल्या यादीत दोन रकाने वाढवावेत. एकात शब्द जेथे येतो ते संपूर्ण वाक्य लिहावे, आणि वाक्य नसेल तर तो बटणावर आहे, शीर्षकात आहे की संभाषणात आहे ते नोंदवावे. दुसऱ्यात कोण कोणाला बोलत आहे ते लिहावे. त्यानंतर यंत्राला एकटा शब्द न देता ते वाक्य द्यावे, मिळालेले उत्तर ‘लारूस’ किंवा ‘रोबेर’ या फ्रेंच-फ्रेंच कोशांत उलट तपासावे, आणि तांत्रिक शब्द असतील तर फ्रान्सचा ‘फ्रान्सतेर्म’ व क्वेबेकचा मोठा पारिभाषिक कोश हे दोन्ही पाहावेत. दोन्ही इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहेत. छपाईपूर्वी एक गोष्ट डोळ्यांखालून घालावी: फ्रान्समधील छपाईत प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह, अर्धविराम आणि अपूर्णविराम यांच्या आधी मोकळी जागा सोडतात, आणि वार व महिने यांची नावे इंग्रजीप्रमाणे मोठ्या अक्षराने सुरू होत नाहीत. हे दोन रकाने भरूनही ज्या ओळी अडतील, त्या वाक्यासकट येथे लिहाव्यात; मी अवश्य पाहीन.