देठाच्या चिरांवर औषध नको, आधी मुळं कापा
तुमचा फोटो बघून पोटात गोळा आला. वजनाच्या स्पर्धेसाठी वाढवलेला महाकाय भोपळा ४० दिवसांचा, खांदा (देठालगतचा फुगीर भाग) वेलीला टेकलेला, देठाच्या बुडाशी बारीक चिरा, आणि तुम्ही विचारताय बुरशीनाशक कोणतं मारू? अहो, बुरशीचं नंतर बघू. आधी वेल मोकळी करा, आजच.

बियाणं अटलांटिक जायंट, म्हणजे महाकाय भोपळ्याचं वाण, परागीकरण हाताने, हे तुम्ही केलंय, त्यात शिरत नाही. माझं ऐका. घर कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ, मागे थोडी जागा. या वेलीला पेऱ्यापेऱ्याला मुळं फुटतात, ती पुरली की भोपळ्याला जास्त पोसता येतं. मी हावरटासारखे देठालगतचे पेरेसुद्धा पुरले. जुलैअखेर भोपळा दिवसाला १५ किलोने फुगत होता, खांदे वर चढत होते, वेल मात्र जमिनीला खिळलेली. ताण सगळा देठावर. अशाच चिरा पडल्या. त्यांतून चिकट पाण्याचे मणी यायचे आणि मुंग्यांची रांग लागायची. मी औषधाचा ब्रश फिरवून निवांत झोपलो. तिसऱ्या दिवशी सकाळी देठ अर्धा सुटलेला! टेपने घेर मोजून काढलेल्या अंदाजाने भोपळा ३०० किलोच्या आसपास होता. तिथेच थांबला आणि देठाकडून सडत गेला.

तर देठाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन फुटांतल्या पेऱ्यांची मुळं चाकूने कापा आणि वेल हलकेच उचलून खाली फोम सरकवा. हे भर दुपारी करायचं. सकाळी वेल पाण्याने टरटरलेली असते, काडकन मोडते. भोपळा मात्र आता फिरवू नका. ती वेळ तो बास्केटबॉलएवढा होता तेव्हा होती.

मी तज्ज्ञ नाही, माझी माती चिकण, तुमची वेगळी असेल. पण २०२३ साली मिनेसोटाच्या एका बागकामशिक्षकाने कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बेच्या भोपळा-वजन स्पर्धेत काट्यावर २,७४९ पौंडांचा भोपळा चढवला, तेव्हापासून जो तो खतांच्या गप्पा मारतो. देठाबद्दल चकार शब्द नाही. (आणि फुटलाच तर घारग्यांचा बेत करू नका. पाणचट लागतो, मी केलेत.)

मुळं कापल्यावर एकदोन दुपारी पानं माना टाकतील. घाबरून पाणी ओतू नका. एकदम पाणी मिळालं की भोपळाच तडकतो, आणि तडा आतल्या पोकळीपर्यंत गेला तर वजन कितीही भरो, स्पर्धेतून बाद.