चित्र घ्यायच्या आधी उलटं करून बघा

प्रश्न: माझं गाव निपाणीजवळ आहे. कुस्ती, व्यायाम, खेळ यांची जुनी छापील चित्रं आणि जाहिराती जमवायला सुरुवात करतोय. आपल्या भागात मिळतात का, अस्सल कशी ओळखायची आणि पुढे किंमत येते का?

मिळतात, पण रद्दीवाल्याच्या आधी तुम्ही पोचायला पाहिजे. पुढे किंमत येईल म्हणून जमवणार असाल तर या नादाला लागू नका. अस्सल कसं ओळखायचं ते सांगतो, पण तुमचा प्रश्न वाचून एक जुनी गोष्ट परत वर आली, ती आधी.

बेळगावच्या शहापुरात आमच्या गल्लीत तालीम होती. आता तिथं तीन मजली इमारत आहे, खाली जिम आणि वर हॉल. जुन्या तालमीत हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या, अंगच्या भिंतीवर मधोमध मारुती, बाजूला शाहू महाराज आणि मग रांगेनं पैलवान. यांतल्या निम्म्या तसबिरी मुळात जाहिराती होत्या, हे मला मोठेपणी कळलं. पीळदार अंग दाखवलं की टॉनिक खपायचं, विडी खपायची, सायकलही खपायची. आमचं एक चित्र म्हणजे सायकलच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. तारखांची पानं कधीच फाटून गेलेली, वर पत्र्याची पट्टी. लाल लांग कसलेला पैलवान मुद्गलांची, म्हणजे व्यायामाच्या जड लाकडी दांड्यांची, जोडी फिरवतोय आणि मागे झाडाला टेकवलेली काळी सायकल. खाली पत्ता ‘बेळगाव, मुंबई इलाखा’ आणि सायकलची किंमत रुपये-आण्यांत. (किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावातच सायकलचं दुकान काढलं होतं, किर्लोस्करवाडी वसली ती पुढे १९१० मध्ये. आमचं कॅलेंडर त्यांचं नव्हतं. पण बेळगावला सायकलचं वेड किती जुनं आहे ते लक्षात यावं म्हणून सांगितलं.)

तालीम पाडायचं ठरलं तेव्हा या सगळ्या तसबिरी भर पावसात पडवीत उभ्या करून ठेवल्या होत्या. मी विचारून ते कॅलेंडर घरी आणलं. मागचा ओला पुठ्ठा सोडवला आणि तिथंच बसून राहिलो. चित्राच्या पाठीवर वस्तादांनी शिसपेन्सिलीनं हिशेब लिहिला होता. हौद्यातल्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबं, काव घालावी लागते. त्या वर्षी कोणी काय दिलं त्याची यादी होती. दहा-बारा नावं, त्यांत माझ्या वडिलांचं. पुढे ‘तेल २ शेर, ताक घरचं’. वडील तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे असतील. तालमीत जात होते एवढं आम्हाला माहीत होतं. घरात दोन वेळची भ्रांत असताना त्यांनी दोन शेर तेल कुठून आणलं असेल, हा विचार मी अजून करतो. विचारायला ते तेव्हाही हयात नव्हते.

माझा आतेभाऊ, आमचा आण्णा, सात वर्षांनी मोठा, स्वतः मातीत लोळून वाढलेला. नव्या इमारतीच्या उद्घाटनाला लावतो म्हणून ते चित्र घेऊन गेला. आठ दिवसांनी परत आलं ते चकचकीत लॅमिनेशन होऊन, फळीवर चिकटवून. पत्र्याची पट्टी कापून टाकलेली. पाठ कायमची गेली, सगळी नावं डिंकाखाली. ‘आता शंभर वर्षं काय होत नाही बघ गा’ म्हणत त्यानं ते माझ्या हातात दिलं. पाठीचा फोटो मी काढला नव्हता. दोन-तीनच नावं आठवतात.

अकरा वर्षं आम्ही यावर भांडतोय. तो म्हणतो, तू ते कपाटात ठेवलं असतंस, कसर लागली असती. तालमीचं चित्र तालमीत पोरांना दिसलं पाहिजे. दिसलं पाहिजे हे मलाही मान्य आहे. मग चांगली रंगीत प्रत काढून ती लावावी, मूळ कागद तसाच ठेवावा. लॅमिनेशनमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा उष्णतेनं कागदात बसतो. नंतर सोडवायला गेलं तर शाईसकट निघतो. याला जतन म्हणत नाहीत, आणि आण्णा हे वाचणार आहे हे माहीत असूनच लिहितोय.

म्हणून पहिला सल्ला: कुठलंही चित्र हातात आलं की आधी उलटं करा. पाठीवर दुकानाचा शिक्का, भेट देणाऱ्याचं नाव, हिशेब, पोरांनी मोजलेल्या बैठका, काहीही सापडेल. दोन्ही बाजूंचे फोटो त्याच दिवशी काढा. कुठल्या गावात, कुठल्या भिंतीवर, कोणाकडून मिळालं ते वहीत लिहा. ही माहिती नसलेलं चित्र मी आता फुकटसुद्धा घेत नाही.

काळ ओळखायला आपल्या भागातल्या जाहिराती सोप्या आहेत, कारण सीमाभागाचा पत्ताच बदलत गेला. ‘मुंबई इलाखा’ असेल तर बहुधा स्वातंत्र्याच्या आधीचं. ‘म्हैसूर राज्य’ असेल तर १ नोव्हेंबर १९५६ नंतरचं, ‘कर्नाटक’ असेल तर १ नोव्हेंबर १९७३ नंतरचं. किंमत आण्यांत असेल तर बहुधा १९५७ च्या आधीचं, कारण त्या वर्षी एप्रिलपासून दशमान नाणी आली. ‘नवे पैसे’ लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४ च्या आसपासचं. सहा आकडी पिनकोड दिसला तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचंच, विकणारा काही का सांगेना.

नंतर दहापट भिंग घ्या. दगडावरून छापलेल्या जुन्या रंगीत चित्रात प्रत्येक रंगाला वेगळा दगड असायचा, म्हणून रंगाचे ठिपके वेडेवाकडे, वाळूसारखे दिसतात. रवि वर्मा प्रेसचं एखादं चित्र भिंगाखाली एकदा बघून ठेवा, डोळा तयार होतो. हल्लीच्या ऑफसेटमध्ये ठिपके शिस्तीत, गोल फुलासारखे बसलेले असतात. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली कागद निळसर पांढरा चमकला तर तो साधारण १९५० नंतरचा, त्याआधी कागदात ती चमक आणणारी रसायनं घालत नसत. सँडोचं ‘अस्सल’ म्हणून मला दोनदा संगणकावरून छापलेली प्रत दाखवली आहे, दोन्ही याच दिव्यानं पकडल्या. हो, सँडो बनियनमधला सँडो तो हाच, ताकदीचे खेळ करणारा जर्मन पैलवान. १९०४-०५ मध्ये तो हिंदुस्थानात दौऱ्यावर आला आणि इकडच्या जाहिरातींत डंबेल्स आणि स्प्रिंगा दिसू लागल्या. पुढे बंगळूरच्या के. व्ही. अय्यरांनी टपालानं व्यायाम शिकवायला सुरुवात केली. त्यांच्या जाहिराती मिळाल्या तर सोडू नका.

कुठे शोधायचं? जुनी सलून, सायकल दुरुस्तीची दुकानं, काष्ठौषधीवाले, तुमच्या निपाणीतल्या तंबाखूच्या वखारी. विडीच्या बंडलांवरची लेबलं वखारीच्या माळ्यावर गठ्ठ्यानं पडलेली असतात, घरमालकाला त्यांचं काहीच नसतं. गोकाक-अथणीकडे गेलात तर ‘तालीम’ म्हणू नका, ‘गरडी मने’ विचारा. दोन वाक्यं कन्नड बोललात तर माणूस चहा पाजून माळा उघडून देतो. दुकानात घासाघीस करा, पण तालमीतून विकत घेऊ नका. नवी फ्रेम करून द्या, किंवा मातीला तेल द्या आणि जुनं चित्र मागून घ्या. नाही म्हणाले तर फोटोवर समाधान माना.

ठेवताना सेलोटेप नको, डिंक नको, काच कागदाला टेकायला नको. खानापूर-बेळगावच्या पावसाळ्यात भिंतीला लावलेली तसबीर मागून भिजते, म्हणून जूनमध्ये सगळं खाली उतरवतो. आम्लरहित कागदात घालून पत्र्याच्या पेटीत, सिलिकाच्या पुड्यांसकट. मासिकांच्या बांधीव खंडातून जाहिराती कापून विकणाऱ्यांकडून मी काहीही घेत नाही, तुम्हीही घेऊ नका.

आता ज्या गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या. शिस्तीतले ठिपके दिसले म्हणजे चित्र नकलीच असं नाही. १९२०-३० च्या मासिकांतले फोटोही जाळीच्या ठिपक्यांतूनच छापले जात, त्यामुळे कागद आणि पत्ता मिळून ठरवा. शंभर वर्षं ओलांडलेली वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते, ती देशाबाहेर पाठवायच्या भानगडीत पडू नका. आणि आण्णाचं एक म्हणणं खरं आहे: ती फळी शेवटी नव्या हॉलमध्ये लावली, तेव्हापासून जिममधली पोरं तिच्यापुढे थांबतात आणि मुद्गल म्हणजे काय ते विचारतात.

शेवटी एक विनंती. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये आपल्या बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि १९ वे आले. एवढा मोठा माणूस, कोणा ना कोणा दुकानदारानं त्यांचं चित्र जाहिरातीवर छापलंच असणार असं मला वाटतं. वीस वर्षं शोधतोय, एकही हाती लागलं नाही. निपाणीच्या कुठल्या माळ्यावर सापडलं तर ते तुमच्याकडेच ठेवा. मला फक्त त्याच्या पाठीचा फोटो पाठवा.