वाचक विचारतात : लेकीच्या हाताला बसेल असं पहिलं पिस्तूल

प्रश्न : सर नमस्कार. मी जुळे सोलापूरला राहतो, टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. लेक नववीत. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर फुगे फोडायच्या स्टॉलवर तिने एकदा सगळी ओळ साफ केली आणि तिथून जे वेड लागलं ते लागलंच. आठ महिने झाले शूटिंगच्या क्लासला जाते, १० मीटर एअर पिस्तूल. पण तिथलं पिस्तूल एक आणि पोरं पाच, त्यात हिचा हात लहान, घरी येते तेव्हा अंगठ्याच्या बुडाशी लाल वळ उठलेला असतो. कोच म्हणतात आता स्वतःचं घ्या. बजेट ५० हजार, ओढूनताणून ६०. एक दुकानदार एक सांगतो, दुसरा दुसरंच, आणि बायको म्हणते घरात पिस्तूल कशाला, पोलीस येतील. काय घेऊ?

उत्तर : आधी वहिनींचं मिटवू. २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे ४.५ मिमी बोअरचं (बोअर म्हणजे नळीचं आतलं भोक), म्हणजे ज्याला ०.१७७ म्हणतात ते, आणि २० ज्युलच्या आतल्या ताकदीचं एअर पिस्तूल असेल तर लायसन्स लागत नाही, आणि मॅचची पिस्तुलं या आकड्याच्या खूपच खाली असतात. ओळखपत्र द्यायचं, पक्कं बिल घ्यायचं, त्याची झेरॉक्स केसमध्ये ठेवायची. रिक्षात, एसटीत, रेल्वेत केस बंदच. कुणी "दाखव की गं" म्हणलं तरी नाही.

आता तो लाल वळ. तुमच्या पत्रात सगळ्यात कामाची ओळ तीच आहे, बजेटची नाही. क्लबच्या पिस्तुलाची ग्रिप, म्हणजे लाकडी मूठ, बहुतेक मिडीयम असणार आणि पोरीला स्मॉल लागतीय, कदाचित एक्स्ट्रा स्मॉल. ग्रिप मोठी असली की पोर नकळत मनगट वाकडं करून ट्रिगरपर्यंत बोट पोचवते, मग अंगठ्याचं बूड लाकडावर घासतं आणि शॉट एका बाजूला जातात आणि कोच ओरडतो की ट्रिगर झटकू नको. ती झटकत नाहीये हो, बोट पुरत नाहीये.

म्हणून दुकानात पिस्तूल हातात दिलं की लगेच कागदावर नेम धरायला लावू नका. हे करा. अंगठा आणि तर्जनीमधला बेचका ग्रिपच्या मागच्या बाजूला जितका वर जाईल तितका वर बसवायचा, बाकी तीन बोटं गुंडाळायची, खालची पट्टी म्हणजे पाम शेल्फ तळहाताला नुसती टेकेल इतकी वर घ्यायची, आवळायची नाही. मग डोळे मिटून हात वर करायचा, दोन श्वास घ्यायचे, डोळे उघडायचे. पुढची माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) मागच्या खाचेत आपोआप मधोमध दिसली तर ग्रिप तिची. डावी-उजवीकडे किंवा वर दिसली तर नाही, मग दुकानदार काहीही म्हणो. दुसरी गोष्ट ट्रिगरची, त्यावर तर्जनीचं पहिलं पेर टेकलं पाहिजे आणि बोटाची बाजू लाकडाला लागता कामा नये, बोट आणि लाकूड यात थोडी फट दिसली पाहिजे. चांगल्या पिस्तुलाचा ट्रिगर पुढे-मागे सरकतो, तेवढं विचारून घ्या.

आणि हे सगळं पाच मिनिटं नाही, अर्धा तास. पाच मिनिटं कुठलंही पिस्तूल छानच वाटतं. मॅचमध्ये ६० शॉट असतात ७५ मिनिटांत, एका हाताने, आणि पिस्तूल साधारण एक किलोचं, म्हणजे पाण्याची लिटरची भरलेली बाटली समजा. नियमात १५०० ग्रॅमपर्यंत चालतं पण नववीतल्या पोरीला हलकंच बघा, ज्युनियरसाठी आखूड नळीची मॉडेल येतात, त्यांचा पुढचा भार कमी असतो आणि खांदा लवकर भरून येत नाही. ट्रिगर मात्र किमान ५०० ग्रॅमचा हवा, मॅचआधी वजन लटकवून तपासतात, त्यामुळे कुणी "मऊ करून देतो" म्हणलं तर नको म्हणा.

प्रकार कुठला घ्यायचा यावर जास्त वेळ घालवू नका. स्प्रिंगवालं स्वस्त असतं पण सुटताना आतला पिस्टन धाडकन पुढे येतो, हात हलतो आणि पोरीला स्वतःची चूक कुठली आणि मशीनची कुठली ते कळत नाही, शिवाय छर्‍याशिवाय रिकामं उडवलं की खराब होतं. सीओटू गॅसवालं सोलापूरच्या उन्हाळ्यात नकोच, त्या गॅसचा दाब तापमानावर नाचतो आणि आपल्याकडे मे महिन्यात पंख्याची हवासुद्धा भाजते. राहिली दोन. एकदा दांडा दाबून एक शॉट मारायचं पंपवालं, झटका नाही, सिलिंडरची कटकट नाही, पण ६० वेळा दांडा दाबायचा म्हणजे लहान मुलीचा हात मॅच संपायच्या आत संपतो. आणि दाबलेल्या हवेच्या सिलिंडरचं, २०० बार दाबापर्यंत भरायचं, सगळे मोठे खेळाडू तेच वापरतात. मी हेच सांगेन. क्लबमध्ये हवा भरायची सोय आहे का ते आधी विचारा, नाहीतर हातपंपाचा खर्च वेगळा, आणि तो पंप मारणं म्हणजे बाबांचा व्यायाम.

तुमच्या बजेटात दोन रस्ते. नवं परदेशी मॅच पिस्तूल लाखाच्या वर जातं, ते सोडा. एक तर साधं नवं, नाहीतर चांगल्या कंपनीचं सेकंडहँड. मी सेकंडहँडच्या बाजूचा आहे, पण फसून झालेला. माझं पहिलं पिस्तूल मी एका माणसाकडून रात्री नऊ वाजता, ट्यूबलाइटखाली, चहा पीत पीत घेतलं. चकाचक पॉलिश केलेलं. महिन्याने पहिल्या मॅचला गेलो तर तपासणीच्या टेबलावरच्या बाईंनी सिलिंडर फिरवून त्यावरची तारीख वाचली आणि शांतपणे बाजूला ठेवला. दहा वर्षं उलटून गेली होती. सिलिंडरला दहा वर्षांचीच मुदत असते, तारीख त्यावरच कोरलेली असते, आणि मला वाचायची अक्कल नव्हती. नवा सिलिंडर घेताना जो पैसा गेला त्यात दोन वर्षांचे छरे आले असते.

तर सेकंडहँड घेताना तारीख पहिली वाचा. मग सिलिंडर भरून दाबाच्या काट्यावरचा आकडा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, एक रात्र तसंच राहू द्या, सकाळी परत बघा. काटा दिसण्याइतका खाली आला असेल तर सील गेलंय. विकणारा रात्रभर ठेवायला तयार नसेल तर उत्तर मिळालंच. ग्रिप थोडी मोठी असली तर घाबरू नका, लाकूडच आहे, कानशीने घासता येतं, कमी पडलं तर पुट्टी लावून भरता येतं, कोचकडून आखून घ्या आणि थोडं थोडंच घासा कारण घासलेलं परत येत नाही. पण लहान हाताला लार्ज ग्रिप घासून बसवायच्या फंदात पडू नका, तिथे नवी स्मॉलच घ्या.

आणि साठच्या साठ हजार पिस्तुलात घालू नका. आठवड्यात चार दिवस ६० शॉट धरले तर २४० होतात, ५०० छर्‍यांचा डबा दोन आठवड्यांत संपतो, वर्षाचे पंचवीस डबे. छरे चपट्या तोंडाचेच घ्या, कागदावर गोल स्वच्छ भोक पडतं. शिशाचे असतात म्हणून हात धुतल्याशिवाय डब्यातली भाकरी-चटणी नाही, हे वहिनींना नक्की आवडेल. जमलं तर एक रविवार हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जा, बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर मॅच असेल तो दिवस बघून. तिथे पाच-सहा प्रकारची पिस्तुलं जवळून बघायला मिळतील आणि खेळाडू पोरं विचारलं तर हातात देतात. ज्यांच्या नावाची नेमबाजीची मावळंकर स्पर्धा आहे त्या गणेश वासुदेव मावळंकरांनीच १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल असोसिएशन उभी केली, लोकसभेचे पहिले सभापती. लेकीला पुढे त्या स्पर्धेपर्यंत जायचंय म्हणून नाव कानावर घालून ठेवा.

प्रश्न : माझा मुलगा उजव्या हाताचा, पण कोच म्हणतात त्याचा डावा डोळा मास्टर आहे, म्हणजे नेमाला तोच जोरकस. मग डाव्या हाताची ग्रिप घ्यायची का? (अक्कलकोट रोड, सोलापूर)

उत्तर : नको. आधी घरी बघा, दोन्ही तळहातांचा त्रिकोण करून त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायला सांगा, एकेक डोळा मिटला की कुठल्या डोळ्याला घड्याळ तसंच दिसतं ते कळेल. रायफलला हा मोठा प्रश्न आहे कारण गाल लाकडाला टेकवायचा असतो, पिस्तुलात हात लांब पुढे असतो, मान थोडी फिरवली की डाव्या डोळ्यासमोर माशी येते. उजव्या डोळ्यापुढे छोटी पट्टी लावली तर चालते, ३० मिमीपर्यंत रुंद. डोळा मिचकावून नेम धरायची सवय लागू देऊ नका, चेहरा दुखतो. आणि मोकळा हात खिशात. पॅरिस ऑलिम्पिकला २०२४ मध्ये त्या तुर्की नेमबाज काकांचा, युसुफ दिकेचचा, खिशात हात घातलेला फोटो फिरला तेव्हा लोकांना वाटलं काय रुबाब आहे, पण बहुतेक जण तसाच ठेवतात, लोंबकळता हात अंग हलवतो.

प्रश्न : माझी मोहोळजवळ द्राक्षबाग आहे, रात्री रोकड घेऊन यावं लागतं. कमी बजेटमध्ये हाताला सोपं रिव्हॉल्वर कुठलं?

उत्तर : दादा, यात निवड नंतर, आधी लायसन्स. गाव ग्रामीण हद्दीत असेल तर जिल्हाधिकारी, शहर हद्दीत पोलीस आयुक्त, आणि धोका खरा आहे हे कागदाने दाखवावं लागतं. मिळालं तर सामान्य माणूस बहुतेक ०.३२ बोअरचंच घेतो. वजनात फरक बघा, २०१४ मध्ये आलेलं निर्भीक नावाचं रिव्हॉल्वर साधारण ५०० ग्रॅमचं, २०२३ चं प्रबल ७०० ग्रॅमचं, आणि प्रबलचा सिलिंडर (गोळ्या भरायचं फिरतं चाक) बाजूला उघडतो म्हणून भरायला सोपं. हलकं खिशाला बरं पण हाताला झटका जास्त, म्हणून दोन्ही हातात घेऊन बघितल्याशिवाय पैसे भरू नका. तोवर रोकड घेऊन फिरायचं बंद करा, व्यापार्‍याला खात्यावर टाकायला सांगा.