कात्रजला कारने दुचाकीला धडक दिली, पाय मोडला. भरपाईचा दावा कसा करायचा?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली शिवाजीनगर न्यायालयातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करा. मुदत अपघातापासून ६ महिने, त्यामुळे प्लास्टर निघायची वाट पाहू नका. एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, कारच्या विमा पॉलिसीची प्रत पोलिसांकडून घ्या.

खरं घोडं अडतं ते अपंगत्वाच्या दाखल्यावर. नुसता ‘३० टक्के’ लिहिलेला कागद पुरत नाही; डॉक्टरांना साक्षीला यावं लागतं. शिवाय कमाईवरचा परिणाम कामावरून ठरतो: तोच गुडघा रिक्षाचालकाची रोजीरोटी घालवतो, कारकुनाची नाही. म्हणून पगारपत्रकं, आयकर विवरणपत्रं, औषधांची मूळ बिलं जपा. आणि विमा कंपनीच्या ‘पूर्ण व अंतिम’ तडजोडीच्या कागदावर घाईने सही अजिबात करू नका!