भाऊजी कायमचे राहायला येण्याआधी

पत्र: सासूबाई 74 वर्षांच्या, त्यांना आता झेपत नाही. दीर 41 वर्षांचे. बौद्धिक अपंगत्व आहे, अधूनमधून फिट येते. दिवाळीनंतर त्यांना गावाहून आमच्या पुण्यातल्या दोन खोल्यांत कायमचं आणायचं ठरलंय. मुलगी दहावीला आहे. मला भीती वाटते. तयारी काय करू?

ताई, दिवाळीपर्यंत थांबू नका. भाऊजींचं सगळं सासूबाईंना तोंडपाठ आहे, पण कुठेच लिहिलेलं नाही. वही घेऊन चार दिवस गावी राहा. ते चहा कोणत्या पेल्यातून घेतात, पोट दुखलं तर कसं दाखवतात, चिडले की सासूबाई नेमकं काय म्हणतात, तो शब्दसुद्धा लिहून घ्या. कोणती कामं ते स्वतः करतात, हे तर आधी लिहा. घरं चुकतात ती इथेच. शर्टाच्या बटणांना त्यांना दहा मिनिटं लागतात, आपल्याला घाई असते, आपण लावून देतो. काही महिन्यांत ते बटणाला हातच लावेनासे होतात. त्यापेक्षा त्यांना अर्धा तास आधी उठवा.

एकदम आणू नका. आधी सासूबाईंसोबत दोन रात्री, मग आठवडा, मग एकटे. पेला आणि वाकळ त्यांचीच आणा. ‘दिवाळीला चाललोय’ असं खोटं सांगून तर मुळीच नको.

फिटच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या जादा ठेवा. चुकलेली गोळी हे फिट येण्याचं नेहमीचं कारण आहे, आणि गोळी अचानक बंद करणं धोक्याचं. फिट आली की आधी घड्याळ बघा. डोक्याखाली मऊ काही द्या, झटके थांबले की कुशीवर वळवा. तोंडात चमचा नको, पाणी नको, कांदा-चप्पल हुंगवणं नको. पाच मिनिटांवर गेली किंवा लगेच दुसरी आली तर 108. न्हाणीघराची आतली कडी आजच काढा, आत प्लास्टिकचं स्टूल ठेवा.

अंघोळीला मदत लागली तर ती यजमानांनी करायची. भाऊजी मोठे पुरुष आहेत, त्यांनाही लाज आहे. हे येण्याआधी स्पष्ट बोलून घ्या. मुलीला सगळं सांगा, पण जबाबदारी टाकू नका.

अठरा वर्षांनंतर आईसुद्धा कायद्याने आपोआप पालक राहत नाही. राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. सासूबाई आहेत तोवरच करा. पालकाची नेमणूक झाली की सहा महिन्यांत भाऊजींच्या मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यावा लागतो, म्हणून पैशांचं खातं वेगळं ठेवा. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर तेही काढा. सासरे सरकारी नोकरीत असतील, तर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी भाऊजींचं नाव नोंदलंय का, तेही पाहा.

आणि नणंदेला आत्ताच विचारा, महिन्यातले कोणते दोन दिवस ती भाऊजींना नेईल. ‘बघू’ म्हणाली तर तारीख मागा.